टाकीचं टोक

टाकीचं टोक गेलं होतं.

मी टाकी दारातल्या उजेडात धरून पाहिली, धोतराच्या सोग्याला पुसून पाहिली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. टोक नव्हतं ते नव्हतंच. जिथे सुईसारखं टोचायला हवं तिथे बोट फिरवलं तर खरबरीत लागलं. तांदळाच्या कणीएवढं पोलाद कमी झालं होतं, आणि सकाळपासून माझ्या गिरणीतून सहा घरांचं पीठ बाहेर पडलं होतं.

ज्यांनी गिरणी फक्त बाहेरून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. गिरणीत दोन दगड असतात, एक बसलेला, एक फिरणारा. रोजच्या दळणाने ते गुळगुळीत होतात आणि मग धान्य दळायचं सोडून नुसतं तापवतात. अशा वेळी वरचा दगड उचलायचा आणि वीतभर लांबीच्या टोकदार पोलादी छिन्नीने दोन्ही दगडांना पुन्हा दात काढायचे. त्या छिन्नीला म्हणतात टाकी. त्या दिवशी सूर्य वर यायच्या आत मी स्वतःच्या हाताने दगडांना टाकी लावली होती, पहिल्यांदाच. शहरातल्या मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे नंतर मूठभर कोंडा दळून टाकून दिला, म्हणजे दगडाची कच निघून जाते. कच गेली. टोक कुठेतरी खाचेत बसून राहिलं असणार.

मग मला ते "कर्र" आठवलं.

झालं होतं असं. दुसऱ्या दिवशी आमच्या कुसळगावच्या भैरोबाची जत्रा. घरोघर पुरणपोळी, म्हणून बायका गहू घेऊन रांगेत बसलेल्या. इंजिन चांगलं चाललेलं, रांग लांब, आणि बोलायला मी. मी त्यांना माझ्या चुलत आजोबांची गोष्ट सांगत होतो. आजोबांनी एक वाघ पाळला होता आणि त्याला जात्याला जुंपला होता. पाच शेर नाचणी दळल्याशिवाय त्याला मटण मिळायचं नाही. गोष्ट ऐन रंगात आली होती. वाघाने मान वळवून आजोबांकडे पाहिलं, आणि नेमकं त्याच वेळी दगडातून आवाज आला, कर्र.

शहाणा गिरणीवाला असता तर इंजिनाचा पट्टा पाडून दगड उचलला असता. मी काय केलं? मी म्हणालो, "आणि वाघानं अस्से दात खाल्ले. ऐकलं का?"

बायका पोट धरून हसल्या. कोणीतरी मागून काहीतरी म्हणालं. मला वाटलं, वाघाबद्दलच विचारतंय कोणी. मी हात केला आणि पुढे चाललो.

आता दुपार झाली होती. गोष्ट अर्धी ठेवून बायका पिठं घेऊन घरी गेल्या होत्या, आणि मी हातात बोथट टाकी धरून उभा होतो.

वच्छला, म्हणजे आमची मंडळी, डोक्यावर भाकरी घेऊन आली ती माझं तोंड बघून दारातच थांबली.

"काय झालं?"

मी टाकी पुढे केली. तिने ती हातात घेतली, टोकावर अंगठा ठेवला. फार बोलणाऱ्यातली ती कधीच नव्हती. तिने पाटी खाली ठेवली.

"कुणाच्या पिठात गेलं?"

"तेच कळत न्हाई."

"आवाज झाला आसंल की."

"झाला."

"तेव्हा कुणाचं दळण चालू होतं?"

मी डोकं खाजवलं. "वाघाचं."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मला अजून कधीमधी जेवताना आठवते.

गिरणी सुरू होऊन एक महिना आणि चार दिवस झाले होते. वच्छलाच्या बापाने तिला दिलेली दुभती म्हैस आणि माझ्या वाटणीची आंब्याची दोन झाडं विकून मी ते जुनं इंजिन आणलं होतं. बैलगाडीतून आणताना ते घाटात आपणहून सुरू झालं आणि बैलांनाच ओढत गावात घेऊन आलं, असं मी सांगतो. त्यातला बैलगाडीचा भाग खरा आहे. म्हैस गेली, आंबे गेले, आणि घरात खाणारी तोंडं पाच. गिरणी चालली तर जेवण, नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी.

आणि ती सहजासहजी चालली नव्हती. पोलीस पाटलीण हौसाबाई पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली होती, "हे लोखंडाचं दळण. आज पीठ खाताय, उद्या खिळे खाल." तेवढं पुरलं. आठ दिवस गिरणीकडे चिटपाखरू फिरकलं नाही. नवव्या दिवशी वच्छलाने आमच्याच घरचे गहू दळले, पोळ्या केल्या आणि हौसाबाईच्या घरी नेऊन, तिच्यासमोर आधी स्वतः खाऊन, मग तिला खायला घातल्या. हौसाबाईने तिसरी पोळी मागितली तेव्हा माझ्या गिरणीचं खरं उद्घाटन झालं.

आता तिच्याच पिठात पोलाद निघालं तर? निघालं तरी बरं, निघालंच नाही तर? कुणाच्या घशाला लागलं, कुणाच्या पोटात गेलं तर? माझ्या डोळ्यांपुढे एकेका घरातली पोरं पंगतीला बसू लागली.

"जाऊन खरं सांगा," वच्छला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"सांगतो. आन मग उद्यापासनं गिरणीत काय दळू? लोखंड पोटात जाईल म्हणून आठ दिवस कुणी आलं न्हवतं. आता खरंच लोखंड निघालं म्हटल्यावर आठ वरसं येणार न्हाईत."

"मग खाऊ द्यायचं का त्यांना?"

"तसं कुठं म्हणतोय मी."

गप्प बसलो. डोकं मात्र गप्प बसत नव्हतं. माझं डोकं अडचणीत सापडलं की एकच काम करतं.

"वच्छे, त्यांनी पीठ चाळलं पायजे. साध्या चाळणीतनं न्हवं, कापडातनं. आन का चाळतोय ते त्यांना कळता कामा नये. आपण म्हणायचं, गिरणीत सोन्याचा मणी पडला. तुझ्या डोरल्यातला. बघ आता. भला माणूस परत द्यायला शोधंल, लबाड ठेवून घ्यायला शोधंल. पर चाळतील दोघंबी. चांगलं निरखून चाळतील."

तिने थोडा विचार केला. युक्तीत खोट सापडत नव्हती, हे तिच्या कपाळावरून दिसत होतं.

"सांगणार कोण?"

"मी."

"तुम्ही सूर्य उगवला म्हणालात तर लोक भाईर येऊन बघत्यात."

हे खरं होतं. गावात माझ्या शब्दाला एवढीच किंमत होती.

"मग तू सांग."

"मी खोटं बोलत न्हाई," वच्छला म्हणाली.

हेही खरं होतं. म्हणून तर तिच्या शब्दावर हौसाबाई पोळी खायला बसली होती. ज्याला खोटं बोलता येत होतं त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना, आणि जिच्यावर सगळा गाव विश्वास ठेवी तिला खोटं बोलता येईना. बाहेर ऊन तापलं होतं. कुणाच्या तरी घरातून परातीचा आवाज आला आणि आम्ही दोघं दचकलो.

वच्छला उठली. माझ्याकडे पाठ करून पीठ पडायच्या पेटीपाशी गेली, पदर बाजूला केला आणि गळ्यातलं डोरलं हातात घेतलं. लग्नापासून ते तिच्या गळ्यातून उतरलं नव्हतं. दोरा तिने दाताने तोडला. मला "अगं" एवढंच म्हणता आलं. एक मणी ओघळला आणि पेटीत पडला. टिक.

मग तिने दोऱ्याला घाईने गाठ मारली, डोरलं पुन्हा गळ्यात घातलं आणि माझ्याकडे वळली.

"पडला का मणी गिरणीत?"

"पडला."

"डोरलं वाढवलं का माझं?"

"वाढवलं." तुटलं असा शब्द डोरल्याला वापरत नाहीत, ते वाढवलं म्हणतात. तेवढं मलाही कळत होतं.

"मग मी जाते. कुणाकुणाची दळणं होती?"

मी बोटांवर मोजलं. हौसाबाई, सुताराची इठाबाई, वाण्याचं घर, दोन्ही जगताप, मास्तरीण. सहा.

वच्छला गेली. मी दगडापाशी बसलो.

मी आयुष्यात खूप भ्यायलो आहे. एकदा तर विहिरीत साप आणि वर अस्वल अशा पेचात दीड दिवस लोंबकळलो होतो. पण त्या दुपारी बसलो तसा कधी बसलो नाही. विहिरीत निदान अस्वल कुठे आहे ते माहीत होतं. इथे कुठल्या घरात कोण घास उचलतंय ते कळत नव्हतं. सुतारआळीत मूल रडलं की मी उठायचो. ते थांबलं की का थांबलं म्हणून पुन्हा उठायचो. गावातलं कुत्रं ओरडलं तरी मला त्याच्या तोंडात पोळी दिसायची. भाकरी तशीच पडून होती.

पुढचं मला वच्छलाने मागून सांगितलं. ती थेट हौसाबाईकडे गेली. तिथे पीठ परातीत पडून त्यावर तेलाचं भांडं आलं होतं. वच्छला एवढंच म्हणाली, "आत्या, माझा मणी गिरणीत पडलाय. पीठ बघता का जरा?"

हौसाबाईचा हात तेलावरून मागे आला. तिने वच्छलाच्या गळ्याकडे पाहिलं, दोऱ्यातली नवी गाठ पाहिली.

"उद्या देवाला जायाचं आन आज डोरलं वाढवलं?"

"व्हय."

"आता गं." हौसाबाई उभी राहिली. तिने पायात वहाणा सरकवल्या आणि वच्छलाला धरून रस्त्यावर आली. आणि मग त्या बाईने जे केलं ते सरकारी दवंडीला जमलं नसतं. दारोदार जाऊन ती सांगत सुटली, "पीठ मळू नका. कापडातनं गाळा. तळाचंबी गाळा. मळलं असंल तर गोळा फोडून बघा. पोरीचं डोरलं हाय, खेळ न्हवं."

तासाभरात सहाही घरांच्या दारांत धोतरं आणि लुगडी ताणून बायका पीठ गाळत बसल्या. वाऱ्यावर पीठ उडत होतं ते मला गिरणीतून दिसत होतं. एवढं बारीक पुरणपोळीचं पीठ कुसळगावात त्याआधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही.

वच्छला परत आली. आम्ही वाट पाहू लागलो. मण्याची नव्हे, अर्थात. मणी पेटीत होता, तो तिने आल्या आल्या उचलून कनवटीला लावला होता.

वाण्याच्या घरून निरोप आला, काही नाही सापडलं. मास्तरीण स्वतः येऊन सांगून गेली, पीठ दोनदा गाळलं, एक मेलेला पोरकिडा तेवढा निघाला. थोरले जगताप, नाही. धाकटे जगताप, नाही.

राहिली दोन घरं. मी देवाचं नाव घेत होतो आणि त्याला आजवर सांगितलेल्या सगळ्या थापांची माफी मागत होतो. ती यादी लांबल्यामुळे माफी मागायला वेळ लागत होता.

तेवढ्यात सुताराची इठाबाई आली. धाप लागलेली, हात पिठाने पांढरे, पदर गळ्याभोवती घट्ट ओढलेला.

"सापडला गं वच्छे," ती म्हणाली. "पार तळाला गेला होता."

आणि तिने वच्छलाच्या हातावर सोन्याचा मणी ठेवला.

आम्ही दोघं त्या मण्याकडे बघत राहिलो. वच्छलाचे मणी गोल होते, हा थोडा लांबट होता. वच्छलाने मान वर केली. इठाबाईने पदर आणखी ओढला. त्या घरी सहा महिन्यांत सुताराला धड काम मिळालं नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"इठाक्का..." वच्छला म्हणाली.

"उद्या देवाला जायाचं," इठाबाई म्हणाली. "जा. बिनमण्याची जाऊ नगं."

वच्छला काय बोलणार होती कोणास ठाऊक, कारण दारात हौसाबाई आली. हातातली मूठ पुढे करून ती म्हणाली, "सापडला एकदाचा. माझ्याच पिठात होता मेला."

मूठ उघडली. दुसरा मणी. चांगला जाड, पाटलाच्या घरचा.

हौसाबाईने वच्छलाच्या तळहातावरचा मणी पाहिला. इठाबाईने हौसाबाईच्या तळहातावरचा पाहिला. मग दोघींनी एकमेकींच्या गळ्याकडे पाहिलं. दोघींचेही पदर घट्ट होते.

"दोन पडले असतील," हौसाबाई म्हणाली.

"तेच म्हणते मी," इठाबाई म्हणाली.

त्यानंतर दोघी गेल्या. वच्छला भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मला तिला समजवायचं होतं, पण मी एकच हिशेब करत होतो. सहा घरं झाली. सहाही पिठं कापडातून गेली. पोलाद निघालं नव्हतं.

"म्हंजे हितंच हाय," मी म्हणालो. "दगडात."

डोळे पुसून तीही उठली. आम्ही वरचा दगड उचलला, खाचा सुईने कोरल्या, पेटी पालथी केली, झाडलेलं पीठ सुपात घेऊन निवडलं. काही नाही. मी दगड पुन्हा बसवला. वच्छला बाजूला उभी होती. तिची नजर गिरणीच्या चाकावर गेली. हे चाक फिरवलं की दगड एकमेकांजवळ येतात किंवा लांब जातात. गव्हाला दगड जवळ लागतात, पीठ मऊ पडतं. ज्वारीला थोडे लांब.

"हे सैल का हाय?" तिने विचारलं.

"काय?"

"चाक. सकाळपासनं गहूच दळलाय न्हवं? मग हे जोंधळ्याला लावल्यावानी का हाय?"

मी चाकाकडे पाहिलं. आणि मग, इतक्या वेळाने, मला ती गोष्ट सुरुवातीपासून आठवली. वाघ कुठून आला ते आठवलं.

गिरणीच्या रांगेत सगळ्यात शेवटी, गहूवाल्या बायकांपासून हातभर लांब, तान्हूबाई बसली होती. पाथरवटाची म्हातारी. गावच्या कडेला, ओढ्यापलीकडे एकटीच राहायची. चाळीस वर्षं ती घरोघर "जात्याला टाकी" म्हणून ओरडत फिरली होती. पंचक्रोशीतल्या प्रत्येक जात्याचे दात तिने काढलेले. गिरणी आली आणि तिची हाक बंद पडली. गिऱ्हाईक येऊ लागल्यावर दोनच दिवसांनी ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "केरबा, तुज्या दगडांना टाकी मी लावत जाईन." मी म्हणालो होतो, "मावशे, हे इंजिन हाय. ह्याला बायकांची टाकी मानवत न्हाई." जमलेले सगळे हसले होते. तीही हसली होती, असं मला तेव्हा वाटलं.

त्या दिवशी ती शेर-दोन शेर जोंधळा फडक्यात बांधून आली होती. सगळ्यांचे गहू झाल्यावर, बायका अजून पिठं भरत बसल्या होत्या तेव्हा, मी तो वरच्या पेटीत ओतला. म्हणाली, मनगट धरलंय, जातं ओढवत न्हाई. आणि मी रांगेतल्या बायकांकडे बघून म्हणालो होतो, "तुझ्या मनगटापेक्षा माझ्या आजोबाचा वाघ बरा." तिथून तो वाघ सुटला. एका हाताने चाक सैल केलं, दुसऱ्या हाताने वाघाची मान वळवून दाखवली. दगड लांब गेले आणि खाचेतलं टोक सुटलं. कर्र.

सहा घरं मोजली होती मी. सातवं मोजायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. जोंधळ्याचं पीठ कोणी कापडातून गाळत नाही. साधं चाळत पण नाहीत.

मी धावलो.

मी धावल्याच्या पुष्कळ गोष्टी तुम्हाला सांगितल्या आहेत. त्यांत मी हरणांना मागे टाकलंय. त्या दिवशी मात्र मी वहाण तुटल्यामुळे एक पाय अनवाणी घेऊन, बाभळीच्या काट्यांतून, बगळ्यासारखा उड्या मारत गेलो. ओढ्यात पडलो. उठून वर पाहिलं तर तान्हूबाईच्या छपरातून धूर निघत होता.

चूल पेटलेली होती.

मी दारात पोचलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. तव्यावर एक भाकरी होती. दुसरी परातीत मोडलेली. तान्हूबाईच्या तोंडात घास होता आणि ती चावत होती.

"थांब," मी म्हणालो. "मावशे, थांब."

ती चावत राहिली. माझ्याकडे बघत सावकाश चावून तिने घास गिळला, वर पाण्याचा घोट घेतला.

"बस," ती म्हणाली.

मी दारातच खाली बसलो. अंगातून पाणी गळत होतं. मला खरं सांगायचं होतं, शपथेवर सांगतो. पण तोंड उघडलं आणि सवयीने भलतंच बाहेर आलं.

"वच्छीचा मणी पडलाय गिरणीत. सोन्याचा. तुझ्या पिठात..."

"केवढा?"

"कणीएवढा."

"सोन्याचा?"

"सोन्याचा."

"डोरल्यातला?"

"डोरल्यातला."

"झालं सांगून?"

मी मान हलवली. तान्हूबाईने पदराचं टोक पुढे घेतलं, गाठ दातांनी सोडली आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. काळपट, टोकदार, तांदळाच्या कणीएवढं.

"हा घे तुजा मणी."

मला हसावं की रडावं कळेना. मी ते दोन बोटांत धरलं. बोटाला टोचलं, थेंबभर रक्त आलं. इतकं तीक्ष्ण होतं ते.

"पैल्या भाकरीला हाताला लागलं," ती म्हणाली. "दुसऱ्या बाईच्या हाताला लागलं नसतं. ह्या बोटांनी आयुष्यभर दगडाची कच चाचपलीय. टाकी उभी धरलीस तू. उभी धरली की टोक जातं. तिरपी धरायची आन घाव मनगटातनं घालायचा, खांद्यातनं न्हाई. पर तुला कोण सांगणार. तुजं इंजिन हाय."

मी बोटाचं रक्त धोतराला पुसलं.

"आन म्या तवाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"रांगेतनं. कर्र झालं तवा. 'केरबा, दगड बघ' म्हटलं. तू म्हणालास वाघानं दात खाल्ले. समद्या हसल्या."

मागून कोणीतरी काहीतरी म्हणालं होतं. मी हात केला होता.

चुलीतलं लाकूड तिने आत सारलं. तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगली.

"काठी घेतली मी," ती सांगू लागली, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. "हे पदरात बांधलं आन हौसाबाईकडं निघाले. म्हटलं, तिच्या हातावर ठेवते. म्हंजे उद्यापासनं तुजी गिरणी बंद. घरोघर परत जाती. परत माजी हाक. ओढा उतरून वर आले तर दारोदार बायका लुगडी ताणून पीठ गाळत बसल्यात. इचारलं तर म्हणत्यात, वच्छीचा मणी पडलाय." ती पहिल्यांदा हसली. तिला पुढचे दोनच दात होते. "कुणाचा मणी ते मला ठावं होतं."

"मग गेली का न्हाईस?"

"उभी ऱ्हायले. बघितलं. गाळता गाळता त्या काय बोलत होत्या ऐकतोस? उद्या पहाटे जात्यावर बसावं लागत न्हाई, हे किती बरं, हेच. हात दुखत न्हाईत, खांदं दुखत न्हाईत. एकदा उठल्यात त्या जात्यावरनं, केरबा. परत बसायच्या न्हाईत. तुजी बंद पाडली तर दुसरा कुणी काढंल. मग त्याच्या दारात जाऊन उभं ऱ्हायचं आन त्यानंबी हसायचं." तिने भाकरी उतरवली. "तुला निदान टाकी धरता येत न्हाई, हे मला आता माहीत हाय."

मी म्हणालो, "मावशे, दगडांना टाकी तूच लाव. आठवड्याला. तू सांगशील तसं देईन. दाणं घे, पीठ घे."

"ते तर घेणारच. पर आजून एक."

"बोल."

"दगड फिरत आसला की तोंड बंद. एक अक्षर न्हाई. दगड बोलतो. काय बिघडलंय, कवा तापलाय, कवा दात गेल्यात, समदं सांगतो. तू बोललास तर तो कुणाला सांगणार?"

मी आजवर अनेक अटी मान्य केल्या आणि बहुतेक मोडल्या. ही अट ऐकून माझा जीव अर्धा झाला. सबंध दिवस दगड फिरणार, समोर रांगभर बायका बसणार, आणि मी गप्प?

"बरं," मी म्हणालो.

तिने मोडलेल्या भाकरीचा अर्धा भाग माझ्यापुढे केला. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी खाल्ला. कच लागली नाही.

जत्रा पार पडली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तान्हूबाई काखेत आपली टाकी आणि हातोडी घेऊन आली, वरचा दगड मला उचलायला लावला आणि मांडी घालून बसली. टक टक टक असा एकसारखा आवाज येत राहिला. तिच्या टाकीचं पीठ इतकं मऊ पडायचं की शेजारच्या गावचा गिरणीवाला येऊन बघून गेला आणि त्याने तिला बोलावून नेलं. मग पलीकडच्याने नेलं. मरेपर्यंत तिच्याकडे सात गिरण्यांचे दगड होते, आणि शेवटच्या वर्षांत ती चालत जायची नाही, गिरणीवाल्यांना गाडी पाठवावी लागायची.

वच्छलाने ते दोन मणी परत दिले नाहीत. परत दिले असते तर का ते सांगावं लागलं असतं. इठाबाईच्या थोरल्या लेकीच्या आणि हौसाबाईच्या धाकटीच्या लग्नात तिने स्वतः बसून डोरली ओवली आणि ते मणी गुपचूप त्यांत घातले. मोजायला गेलं तर दोन्ही डोरल्यांत एकेक मणी जास्त निघेल. कोणी मोजले नाहीत.

आणि मी? अडतीस वर्षं गिरणी चालवली. दगड फिरत असताना त्या अडतीस वर्षांत मी एकही गोष्ट सांगितली नाही. इंजिन गेलं, वीज आली, दगड बदलले. आता गिरणी पुतण्याकडे आहे आणि मी रिकामा आहे, म्हणून लोक म्हणतात म्हातारा फार बोलतो. अडतीस वर्षांचं साठलेलं आहे, कुठे ठेवू?

हौसाबाईला मात्र चैन पडायचं नाही. दळण घेऊन आली की डबा खाली ठेवायच्या आधी विचारायची, "केरबा, त्या वाघाचं पुढं काय झालं रं? मान वळवली, दात खाल्ले, आन मग?"

मी तिच्याकडे बघायचो, ओठांवर बोट ठेवायचो आणि मानेने दगडाकडे दाखवायचो. दगड फिरत असायचा. ती कुरकुरत बसून राहायची, आणि मी कान देऊन ऐकत उभा असायचो.